पहिल्या पुस्तकातलं चित्र

गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहिले आणि त्यांनी मावळ मराठी कादंबरीत आणला. राजमाचीचा बुधा आणि तुंगच्या परिसरातला धोंडी ही माणसं मोठ्यांच्या वाचनात कायमची रुजली. त्याच मावळातल्या पहिली-दुसरीच्या मुलासाठी पवनेचं पाणी, भाताचं खाचर आणि लोणावळा लोकल एकत्र दिसेल असं चित्रांचं पुस्तक शोधायला गेलं, तर मात्र हाताला फारसं काही लागत नाही. ही उणीव एकट्या मावळाची नाही. मराठीत लहान मुलांसाठी पुस्तकं भरपूर निघतात, त्यांत चित्रंही असतात. पण चित्राला गोष्टीचा निम्मा भार पेलू देणारी पुस्तकं अजून थोडी आहेत, आणि नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला गरज असते ती नेमकी अशाच पुस्तकांची.

सहा वर्षांचं मूल अक्षरं जोडताना अडखळतं, चित्र पाहताना अडखळत नाही. पान उघडताच कोण कुठे उभं आहे, कुणाचा चेहरा उतरलाय, कोपऱ्यातल्या मांजराचा डोळा कशावर आहे, हे त्याच्या क्षणात ध्यानात येतं. आता खाली लिहिलेलं वाक्यही तेवढंच सांगत असेल, तर ते वाचण्याचे कष्ट त्याने का घ्यावेत? ते चित्राकडे बघून अंदाजाने वाक्य म्हणून टाकतं आणि शिक्षकांना वाटतं, वाचलं. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकमेकांसाठी जागा सोडतात. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं 1960च्या दशकातलं ‘रोझीज वॉक’ हे याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण. 32 इंग्रजी शब्दांच्या एकाच वाक्यात कोंबडी अंगणातून फेरफटका मारून घरी येते. तिच्या मागावर असलेला कोल्हा पानोपानी फजित होत राहतो, पण शब्दांत त्याचा उल्लेखही नाही. कोल्ह्याची गोष्ट मुलानेच सांगायची असते, आणि ते ती ओरडून सांगतं.

चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गात आले. चित्र स्थिर, वाणी वाहती, आणि दोहोंमधली मोकळी जागा ऐकणाऱ्याची. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या परंपरेची पुन्हा चर्चा झाली. छापील बालसाहित्याने मात्र तिच्याकडे जवळपास पाठच फिरवली. 1873मध्ये मिशनऱ्यांनी सुरू केलेलं ‘बालबोध मेवा’, वा. गो. आपट्यांचं 1906पासूनचं ‘आनंद’, 1971पासूनचं बालभारतीचं ‘किशोर’ या मासिकांनी पिढ्या घडवल्या. पण त्यांचा वाचक प्रामुख्याने वाचता येऊ लागलेला, आणि चित्राचं काम बहुतेक वेळा गोष्टीच्या माथ्यावर शोभण्याचं. लेखक आधी लिहिणार, संपादक ‘इथे एक चित्र हवं’ म्हणून जागा ठेवणार आणि चित्रकार ती भरणार, ही कामाची पद्धत मासिकांतून पुस्तकांत आली ती अजून गेलेली नाही.

आपल्या पुस्तकांत ती पद्धत मोडली माधुरी पुरंदरे यांनी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढच्या कलाशिक्षणासाठी त्या फ्रान्सला गेल्या. पिकासोवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. लेखिका आणि चित्रकार एकच असल्यामुळे काय बोलायचं आणि काय काढायचं याचा निर्णय त्यांच्याकडे एकाच वेळी होतो. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं एकेका छोट्या पुस्तकातून भेटतात. वाक्यं मोजकी, रोजच्या बोलण्यातली. चित्रातलं घर राहतं घर वाटतं. तिथली माणसं सुबक बाहुल्यांसारखी नाहीत, त्यांना पोट आहे, वय आहे, कंटाळा आहे. हात मोडणं, मामाच्या गावाला जाणं असे यश नावाच्या मुलावरच्या त्यांच्या पुस्तकांतले प्रसंगही साधे आहेत, पण मुलाच्या आयुष्यात ते डोंगराएवढे असतात हे चित्रातल्या खांद्यांवरून आणि भुवयांवरून कळतं. ‘चित्रवाचन’मध्ये तर त्यांनी शब्द बाजूलाच ठेवले. मुलाने नुसतं चित्र पाहायचं आणि बोलायचं. वाचनाची तयारी अक्षरओळखीच्या कितीतरी आधी डोळ्यांनी आणि बोलण्याने होते, ही गोष्ट मराठीत इतक्या ठामपणे दुसऱ्या कुणी पुस्तकातून मांडलेली नाही. 2014मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि 2016मध्ये पराग उपक्रमाचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच होता. काळजी वेगळीच आहे. मराठी चित्रपुस्तकांविषयी बोलू लागलं की पहिलं नाव त्यांचं येतं आणि दुसरं सुचायला वेळ लागतो. एका व्यक्तीच्या कामावर एखादी कला इतकी वर्षं उभी असेल तर त्या कलेची प्रकृती चांगली आहे असं म्हणता येत नाही.

पुरंदरे यांची रेषा बारकावे जपते. दुसरी वाट ठसठशीत आकारांची आणि मोठ्या रंगक्षेत्रांची. मुलांसाठी सातत्याने चित्रं काढणाऱ्या चंद्रमोहन कुलकर्णी यांनी मराठी पुस्तकांत ब्रशचा मोकळेपणा आणला, तो महत्त्वाचा आहे. ‘चिकूपिकू’सारखं एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचं मासिक पुण्यातून निघतं आणि तिथे चित्राला भरपूर पान मिळतं, हेही चांगलं लक्षण. तरी बाजारात ढीग दिसतो तो वेगळ्याच मालाचा: संगणकावर घासून गुळगुळीत केलेले, सगळे एकाच चेहऱ्याचे, बटबटीत डोळ्यांचे प्राणी. या चित्रांत बघण्यासारखं काही उरतच नाही. एकदा पान उलटलं की संपलं.

मजकुराचीही अडचण आहे, आणि ती देवनागरीत विशेष जाणवते. कानामात्रा आणि जोडाक्षरं टाळून वाक्यं रचायची ठरवली की शब्दांची निवड इतकी आक्रसते की वाक्य सोपं होतं आणि निर्जीवही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी, आणि नंतर वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथल्या ‘क्वेस्ट’मध्ये नीलेश निमकर आणि सहकाऱ्यांनी, अक्षरांचे छोटे गट घेऊन अर्थपूर्ण शब्दांनी वाचन शिकवण्यावर मोठं काम केलं. मूल वाचू कसं लागतं याची समज त्यामुळे मराठीत आज चांगली आहे. ती समज आणि चित्रकाराचा हात यांची गाठ मात्र क्वचित पडते. अमेरिकेत 1954मध्ये जॉन हर्सी यांनी पहिलीच्या वाचनपुस्तकांच्या रटाळपणावर लेख लिहिला. त्या चर्चेतून डॉ. स्यूस यांनी मोजक्या 236 शब्दांत 1957मध्ये ‘द कॅट इन द हॅट’ रचलं. बंधन तेच, पण ते पेललं कवीच्या कानाने आणि व्यंगचित्रकाराच्या हाताने. मराठीत बडबडगीतांचा एवढा साठा असताना असं पुस्तक अशक्य नाही. त्यासाठी शिक्षणतज्ज्ञ, कवी आणि चित्रकार सुरुवातीपासून एका टेबलाशी बसायला हवेत.

स्वस्त आणि भरपूर पुस्तकांचा प्रश्न ‘प्रथम बुक्स’ने बराच सोडवला. 2004मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने पुस्तकांच्या चार पायऱ्या ठरवल्या आणि 2015मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हा मुक्त परवान्याचा संग्रह उघडला. एकदा काढलेली चित्रं मराठीसकट कितीतरी भाषांत वापरता येतात, शिक्षक पुस्तक उतरवून छापून घेऊ शकतो. कामशेतच्या किंवा वडेश्वरच्या शाळेत रंगीत पुस्तक पोचण्याचा एवढा सोपा मार्ग याआधी नव्हता, आणि त्याचं मोल मोठं आहे. मात्र चित्र सगळ्या भारतासाठी काढलं की ते नेमक्या कुठल्याच गावाचं राहत नाही. शिवाय चित्र आधी पक्कं झालेलं असतं, म्हणून भाषांतरकाराला मराठी वाक्य चित्रात सोडलेल्या मोकळ्या चौकटीत बसवावं लागतं. त्यात वाक्याची लय सर्वांत आधी जाते.

अक्षराच्या वळणाकडेही दुर्लक्ष होतं. राज्य शासनाने 2009च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. शाळेच्या फळ्यावर मूल तोच शिकतं. सहज मिळणारे अनेक देवनागरी टंक वेगळी सूचना न दिल्यास हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ छापतात. मोठ्यांना फरक जाणवतही नाही. पहिलीतल्या मुलासाठी मात्र ते न शिकलेलं अक्षर असतं, आणि ओळीत दोनदा आलं की मूल पुस्तक मिटतं. मजकूर रंगीत चित्रावर छापण्याची हौस तशीच. झाडाच्या पानांच्या गर्दीवर काळी अक्षरं ठेवली की अनुस्वार आणि मात्रा झाडीत हरवतात, आणि मराठीत एका अनुस्वाराने एकाचे अनेक होतात.

निर्मितीचं गणित या सगळ्याच्या मुळाशी आहे. चाररंगी छपाई थोड्या प्रतींना महाग पडते, म्हणून प्रकाशक पानं कमी करतो. इंग्रजी चित्रपुस्तकाची रूढ लांबी 32 पानांची. मराठीत 16 किंवा 24 पानांवर भागवलं जातं. पानं कमी म्हणजे उलटण्याच्या जागा कमी, आणि चित्रपुस्तकात उत्कंठा नेमकी पान उलटण्यात असते. मध्ये पिना मारलेल्या अशा बारीक पुस्तकाला कणाच नसतो. कपाटात उभं केलं की ते दिसत नाही. म्हणून शाळांनी ही पुस्तकं दोरीवर टांगायला सुरुवात केली, ती युक्ती फार उपयोगी आहे. चित्रकाराचं नाव मात्र अनेकदा आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतं, आणि मोबदला एकदाच मिळून विषय संपतो. पुढच्या आवृत्त्यांत वाटा असेलच असं नाही. कलाशाळांत उपयोजित कला शिकलेली मुलं जाहिरातीकडे आणि ॲनिमेशनकडे जातात. चित्रपुस्तक हा स्वतंत्र विषय म्हणून त्यांच्यासमोर क्वचितच येतो. त्यांना दोष देता येणार नाही.

मावळाकडे पाहिलं की काय निसटतंय ते नीट कळतं. मराठी पुस्तकातला पाऊस म्हणजे तिरप्या रेघा आणि एक छत्री. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तिथे तो रेघांनी दिसत नाही, ढग खाली उतरून समोरचं घर पुसून टाकतात. तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावात तोच पाऊस किती तरी उणा. उन्हाळ्यात रोपासाठी राब भाजून काळी केलेली जमीन, जुलैत चिखलात ओळीने वाकलेली माणसं, दिवाळीच्या सुमारास पिवळा पडणारा इंद्रायणी भात, हा वर्षभराचा रंगक्रम चित्रकाराला आयता मिळतो. आणि इथलं गाव दोन डोंगरांमधल्या सूर्याचं नाही. इथे पत्र्याच्या घराशेजारी गुलाबाचं पॉलिहाऊस आहे, द्रुतगती मार्गाचा पूल आहे, भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आहे आणि त्या रांगेत मक्याची कणसं विकणारी आई आहे. कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या मुलांचं घरचं बोलणं पुस्तकी मराठीपासून आधीच लांब. वाक्य अनोळखी असताना चित्रही अनोळखी असेल, तर ते मूल पुस्तकात शिरणार कुठून? आदिवासी दाखवायचे म्हणून कुठल्याही वाडीला वारली आकृत्यांची किनार लावणं हा त्यावरचा उपाय नाही; वारली चित्र पालघरकडचं, त्याचं व्याकरण वेगळं.

यातलं काही आजच करता येण्याजोगं आहे. मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाकडे मुलांच्या तोंडच्या गोष्टी असतात. पुण्यात शिकणारे चित्रकार लोकलने दीड तासात लोणावळ्याला पोचतात. त्यांनी एक पावसाळा एका वाडीवर वह्या भरून रेखाटनं करावीत, आणि मजकूर नंतर, चित्रं पाहून मुलं जे बोलतील त्यातून घ्यावा. स्टोरीवीव्हरवर स्वतःची चित्रं आणि स्वतःची गोष्ट चढवायला आडकाठी नाही. छापायचं तर पुण्यात छापखाने आहेत. ज्या प्रकाशकांनी पुरंदरे यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्यामागून आवृत्त्या विकल्या गेलेल्या पाहिल्या, त्यांनी पुढच्या एखाद्या पुस्तकाला 32 पानं द्यावीत, पाकळीचा ‘ल’ द्यावा, आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाइतक्याच टाइपात छापावं.