मूलभूत इंग्रजी व्याकरणाचे अध्यापन आणि मराठी परिभाषा : एक चिकित्सा

जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यापूर्वी हा विषय पाचवीत सुरू होत असे. प्रारंभ चार वर्षे अलीकडे आला, तरी इंग्रजी व्याकरण कोणत्या परिभाषेतून समजावून द्यावे, हा प्रश्न तसाच राहिला. ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांच्या निर्मितीसाठी कारखाना स्थापन झाला. तांत्रिक शिक्षण व नोकरी यांच्या वाटेवर इंग्रजी आवश्यक ठरणाऱ्या अशा परिसरातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

मराठी शालेय व्याकरणाचा पाया दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये घातला. त्यांच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव होता. शब्दांच्या आठ जाती हे त्याचेच फलित होय. त्यामुळे मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी व्याकरणातील बहुतेक संज्ञा ओळखीच्या वाटतात. मात्र संज्ञांचे हे साम्य अनेकदा रचनांमधील भेद झाकून टाकते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'कर्मणी प्रयोग'. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने चिंच खाल्ली' या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग ठरतो. इंग्रजीत मात्र 'राम एट अ मँगो' हे वाक्य 'ॲक्टिव्ह व्हॉइस'चे आहे. 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे कर्मणी प्रयोग, असे सरसकट समीकरण शिकलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. वस्तुतः 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' या रचनेस मराठी वैयाकरणांनी 'नवीन कर्मणी' असे वेगळे नाव दिले आहे. 'पॅसिव्ह'शी तुलना करायची ती याच प्रयोगाची. म्हणजे उपाय मराठी व्याकरणातच उपलब्ध आहे. अध्यापनात त्याचा वापर व्हावयास हवा.

'आर्टिकल'ची अडचण याच्या उलट आहे. स्पॅनिश भाषेत निश्चित व अनिश्चित अशी दोन्ही उपपदे आहेत. त्यामुळे स्पॅनिश भाषकाला ती इंग्रजीत कोठे गाळावीत, हे प्रामुख्याने शिकावे लागते. मराठीत अशी स्वतंत्र शब्दजातीच नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्यास प्रथम निश्चिततेची कल्पनाच स्पष्ट व्हावी लागते. 'एक मुलगा आला. तो मुलगा रडत होता.' या वाक्यांतील 'एक' आणि 'तो' यांच्यापासून प्रारंभ केल्यास ती सहज उलगडते. अन्य भाषकांसाठी रचलेली पुस्तके जशीच्या तशी येथे का उपयोगी पडत नाहीत, हे यावरून लक्षात येते.

मराठीतून नियम सांगून भाषांतराचा सराव देणारी 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या दृष्टीने महत्त्वाची आहे. मातृभाषेला तिने अडथळा न मानता साधन मानले. तथापि सुटी वाक्ये ही या पद्धतीची मर्यादा होय. पहिल्या उल्लेखास 'अ' आणि पुढील उल्लेखास 'द' का, याचे उत्तर एका वाक्यात सापडत नाही. त्यासाठी सलग उतारा लागतो.

मराठीचा आधार घेतल्याने इंग्रजी कच्चे राहते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु वर्गात मराठी वर्ज्य केली, तरी विद्यार्थ्याच्या मनातील तुलना थांबत नाही. ती अंदाजाने होऊ द्यावयाची की अचूक परिभाषेच्या आधारे, एवढाच पर्याय शिक्षकाच्या हाती असतो. म्हणूनच समान संज्ञांमागील भेद दाखविणे, हे मूलभूत इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाचे पहिले कर्तव्य ठरते.