‘ठाकुर का कुआँ’ : न घडलेला प्रहार

अन्यायाची ओळख पटण्यासाठी वाचक बहुधा रक्ताचा डाग शोधतो. प्रेमचंदांच्या ‘ठाकुर का कुआँ’ (१९३२) या हिंदी कथेत तसा डाग नाही. आजारी जोखूला प्यावयास दुर्गंधी सुटलेले पाणी उरले आहे, म्हणून त्याची बायको गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते. ठाकुराचे दार उघडताच तिच्या हातून दोर सुटतो आणि ती पळते. घरी जोखू तेच घाण पाणी पीत असतो.

तिच्यावर कोणी हात टाकीत नाही. टाकण्याची गरजच उरलेली नाही. उच्चनीचतेचा खोटेपणा गंगीने मनोमन ओळखलेला आहे, तरी देह भयाच्याच आज्ञेत राहतो. त्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, घरात आपल्याला दासींसारखे राबविले जाते म्हणून कुरकुरतात. त्या तक्रारीत गंगीला मात्र स्थान नाही.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. प्रहारावाचून चालणारा हा जुलूम मात्र नित्याचा व्यवहार म्हणून नजरेआड होतो. त्याला जुलूम म्हणून ओळखावयास लावणे, हे या छोट्याशा कथेचे वाङ्मयीन यश होय.