‘कण’ या नावाआड : एक चिकित्सा

नव्याने तयार होणारे प्रथिन पेशीतील योग्य पटलापर्यंत नेणाऱ्या ‘संकेत-ओळख कणा’चे (एसआरपी) वर्णन पदवीच्या पुस्तकांत बहुधा ‘सहा प्रथिने व एक आरएनए’ एवढ्यावरच आटोपते. मेहकरसारख्या सीमाभागातील गावातून आलेला विद्यार्थी ही यादी पाठ करतो. जुळणीचा क्रम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

१९८० मध्ये पीटर वॉल्टर व गुंटर ब्लोबेल यांनी हा घटक वेगळा केला, तेव्हा तो निव्वळ प्रथिनसमूह मानला गेला. १९८२ मध्ये त्यात सुमारे ३०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए आढळला आणि नावातील ‘प्रोटीन’चे ‘पार्टिकल’ झाले. आद्याक्षरे तीच राहिल्याने एवढी मोठी दुरुस्ती सहज नजरेत भरत नाही.

वस्तुतः आरएनए हा येथे नुसता सांगाडा नव्हे. मानवी पेशीत एसआरपी१९ हे प्रथिन आधी त्याला बिलगते व त्याची घडी बसवते; त्यानंतरच संकेत ओळखणारे एसआरपी५४ त्यावर घट्ट बसते. आकृतीत मात्र सहाही प्रथिने एकदमच चिकटलेली दाखवतात. ई. कोलाय जिवाणूत तर एसआरपी१९ नाहीच. तेथे एकच प्रथिन व आखूड आरएनए यांवर काम भागते. मग मानवी पेशीला ही जादा पायरी का लागावी, हा प्रश्न पुस्तके उपस्थितच करीत नाहीत.