बेताची किंमत

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत दरोड्याचा प्रसंग आला की एक जुनी अडचण हमखास उभी राहते. खेळाडू बेत आखत बसतात. वाड्याचा नकाशा, पहाऱ्याच्या वेळा, पळवाटा यांतच संध्याकाळ सरते आणि तिजोरीला हात लागत नाही. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या परंपरेत दोर, मशाली, शिधा यांची यादी आधीच करायची असते, विसरलेली वस्तू ऐनवेळी मिळत नाही. दूरदृष्टीची परीक्षा असते ती खेळाडूचीच.

जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने (२०१७) हा क्रम उलटा केला. टोळी हल्ला, फसवणूक, चोरपावलांनी शिरकाव अशा सहा प्रकारांतून एक निवडते, त्यातला एखादा तपशील ठरवते आणि फासे पडताच थेट कामगिरीच्या मध्यात पोहोचते. सोबत किती ओझे न्यायचे एवढेच आधी सांगायचे. वस्तू कोणत्या, ते गरज पडेल तेव्हा. पहारेकरी आडवा आला तर खेळाडू फ्लॅशबॅक मागतो: ‘याला मी कालच पैसे चारलेत.’ त्यासाठी तयारीच्या खटाटोपानुसार ताण सोसावा लागतो: साध्या गोष्टीला शून्य, अवघड गोष्टीला एक, फारच गुंतागुंतीची असेल तर दोन किंवा अधिक. घडून गेलेले मात्र पुसता येत नाही.

या खेळाने नियोजन हद्दपार केले, असे कौतुक होते. ते मला अपुरे वाटते. नियोजन इथे उधारीवर मिळते, आणि ताणाची नऊ घरे भरली की वसुली होते.

या रचनेची तुलना दरोड्याच्या चित्रपटांशी केली जाते. ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये (२००१) खऱ्या बेताचा मोठा भाग प्रेक्षकाला काम फत्ते झाल्यावरच कळतो. पण तिथे बेत लपवलेला असतो. टेबलावर तो अजून जन्मलेलाच नसतो. पात्र धूर्त ठरते, खेळाडूचा अंदाज मात्र पणाला लागत नाही. आधी बांधलेला तर्क खरा ठरण्याचा आनंद इथे हरवतो, हे मान्य केले पाहिजे.

तरीही हार्पर यांचा शोध मला मोलाचा वाटतो, तो वेगळ्याच कारणासाठी. जुन्या पद्धतीत तासभर खल केला तरी पात्रांचे बहुधा काहीच खर्च होत नाही. फुकटचे असते म्हणून ते संपत नाही. हार्पर यांनी विचारालाच किंमत लावली. ती आधीही लावता येईल: वाड्याविषयीच्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी सूत्रधाराने एक दिवस किंवा एक मोहोर मागावी. मग बेत आखणे हाही दरोड्याचाच भाग होईल, आणि चुकण्याची जोखीमही शाबूत राहील.