बारावीचा भूगोल : तिरुवैयारुच्या पाच नद्यांवरून एक परीक्षण

प्रस्तुत टिपणात बारावीच्या भूगोल अभ्यासक्रमाच्या रचनेचे परीक्षण केले आहे. आपण हा विषय शिकत असाल किंवा शिकवत असाल, तर पुढील उदाहरण नकाशा समोर ठेवून वाचावे.

अभ्यासक्रमाची विभागणी
2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने तयार केलेल्या पुस्तकांत प्राकृतिक भूगोल अकरावीला आणि मानवी भूगोल बारावीला आला. महाराष्ट्रातही साधारण तेच चित्र आहे. भूहालचाली, विदारण, क्षरण आणि हवामान अकरावीत. लोकसंख्या, वस्ती, आर्थिक क्रिया आणि प्रादेशिक विकास बारावीत. ही विभागणी शिकवायला सोयीची आहे. मात्र परीक्षेच्या वर्षात अकरावीचे पुस्तक सहसा पुन्हा उघडले जात नाही. त्यामुळे ज्या वर्षी माणसाचा विचार करायचा, त्याच वर्षी त्याच्या पायाखालची जमीन नजरेआड होते.

उदाहरण : तिरुवैयारु
तंजावूरहून उत्तरेला सुमारे 12 किमीवर तिरुवैयारु आहे. या रस्त्यावर वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. गावाच्या नावातील ‘ऐयारु’ म्हणजे पाच नद्या. संत त्यागराज यांचे वास्तव्य येथे होते आणि 1847 मध्ये त्यांनी येथेच देह ठेवला. कावेरीकाठच्या त्यांच्या समाधीपाशी दरवर्षी आराधना उत्सव भरतो.

अकरावीच्या व्याख्येप्रमाणे या नद्यांना आपण त्रिभुज प्रदेशातील वितरिका म्हणू. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. श्रीरंगमच्या वरच्या अंगाला कावेरीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडील कोल्लिडमचा उतार अधिक तीव्र असल्याने पाणी तिकडे ओढले जाई आणि कावेरीचे पात्र गाळाने भरत चालले होते. हे टाळण्यासाठी आर्थर कॉटन यांनी 1836 मध्ये कोल्लिडमवर वरचा बंधारा घालण्याचे काम हाती घेतले. त्याच्या खाली चोळ राजा करिकाल याच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा आहे. वेण्णारु तेथूनच फुटते आणि तिचे पाणी पुढे नियंत्रक दरवाजांतून वाटले जाते. 1934 मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. म्हणजेच तिरुवैयारुच्या नद्यांना आज किती पाणी येते, हे उतार आणि गाळ यांच्याइतकेच दरवाजे उघडण्याच्या निर्णयावर ठरते.

आता बारावीचा शेतीचा पाठ घ्या. येथील कुरुवै हे भाताचे पीक जूनमध्ये सुरू होते. त्याचे पाणी कर्नाटकातील कोडगूच्या बाजूला पडणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी पावसावर आणि मेट्टूरच्या साठ्यावर अवलंबून असते. धरणाचे दरवाजे उघडण्याची प्रथेची तारीख 12 जून आहे. त्यानंतरच्या सांबा पिकाला ईशान्य मोसमी पावसाचा आधार मिळतो. अकरावीतला वाऱ्याचा पाठ विसरलेल्या विद्यार्थ्याला एकाच शेतातील या दोन पिकांतला फरक सांगता येईल का?

पुस्तकाने काय साधले, काय राहिले
एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकाला या प्रश्नाची जाणीव आहे, हे मान्य केले पाहिजे. पहिल्याच प्रकरणात निसर्गवाद, संभववाद आणि ग्रिफिथ टेलर यांचा ‘थांबा आणि पुढे जा’ हा विचार येतो. पण त्यासाठी निवडलेली उदाहरणे दोन टोकांची आहेत : अबूझमाडच्या जंगलात राहणारा माणूस आणि नॉर्वेतील ट्रॉन्हाइम शहरातील स्त्री. एक निसर्गाच्या अधीन, तर दुसरी तंत्रज्ञानाच्या बळावर निसर्गावर मात करणारी. आपल्याकडील बहुतेक माणसे या दोहोंच्या मध्ये राहतात. त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याकडे कालवा आहे, धरण आहे आणि तरीही तो पावसाची वाट पाहतो. पुस्तकात नेमका हाच माणूस ठळकपणे यायला हवा होता.

याचे परिणाम परीक्षेपुरते राहत नाहीत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूला दरवर्षी 177.25 टीएमसी पाणी सोडावे असा निकाल दिला. आधी कावेरी लवादाने हा आकडा 192 ठरवला होता. या आकड्यांवर मत बनवायचे तर पाऊस, उतार, भूजल, पीकपद्धती आणि शहरांची तहान एकत्र पाहावी लागते. नाशिक-अहिल्यानगर आणि जायकवाडी यांच्यातील पाण्याचा वाद समजून घेतानाही हेच लागू पडते. अठराव्या वर्षी मतदार होणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आपण भूगोलाचा अर्धाच भाग देत असू, तर उरलेला अर्धा तो घोषणांमधून भरून काढील.

सुचवणी
पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. बारावीच्या प्रत्येक प्रकरणासोबत अकरावीचे एक संबंधित प्रकरण पुन्हा वाचावे : शेतीसोबत हवामान, वस्तीसोबत नदीचे संचयनकार्य. प्रात्यक्षिकासाठी एकच प्रदेश घेऊन दोन्ही अंगांनी त्याचा नकाशा काढावा.

स्वाध्याय
1. तंजावूर-तिरुवैयारु रस्त्यावरील पाच नद्या नकाशावर दाखवा. प्रत्येकीचे पाणी कोठून वळते ते लिहा.
2. आपल्या गावाजवळच्या नदीच्या प्रवाहात निसर्गाचा वाटा कोणता आणि माणसाचा कोणता? दोन्ही वेगळे काढताना कोठे अडचण येते ते नोंदवा.