नेपियन नावाचा चिटणीस

मलबार हिलच्या कडेने समुद्राजवळून जाणाऱ्या रस्त्याला मुंबईकर आजही एका दमात ‘नेपियन्सी रोड’ म्हणतात. लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग हे नाव पाटीवरच राहिले. हा नेपियन कोण, असे विचारले तर ‘कोणी एक गव्हर्नर’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. सर इव्हान नेपियन १८१२ ते १८१९ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि पेशवाई बुडाली ती त्याच्याच कारकिर्दीत. पण आपल्या लेखनात त्या काळाची सारी जागा एल्फिन्स्टनने व्यापली आहे. इंग्रजी लेखनात नेपियन येतो तो बहुधा कार्यक्षम कारकून म्हणून. मला हे दोन्ही निवाडे अपुरे वाटतात.

कॉर्नवॉलमधल्या सॉल्टॅशचा हा माणूस आरमारात पर्सर होता, म्हणजे जहाजावरची रसद आणि हिशेब सांभाळणारा. १७८२ साली तो गृहखात्यात अवर सचिव झाला आणि १७९५ ते १८०४ ॲडमिरल्टीचा सचिव. १७९६ पासून पार्लमेंटचा सभासदही होता. लढाई त्याने एकही जिंकली नाही. मात्र नेल्सनसारख्या सेनानींना आपले अहवाल त्याच्या नावे पाठवावे लागत. चिटणीस-फडणीसांचे राज्य पाहिलेल्या मराठी वाचकाला याचा अर्थ फोडून सांगायला नको.

त्याची खरी कसोटी १७८७ सालच्या कामात लागते. कैद्यांची वसाहत वसवण्यासाठी अकरा जहाजे १३ मे रोजी पोर्ट्समथहून ऑस्ट्रेलियाला निघाली. मंत्री होता लॉर्ड सिडनी, पण तयारीचा गाडा ओढला नेपियनने. मंत्र्याच्या नावाचे शहर झाले, चिटणीसाच्या नावाची नदी. जहाजे, बियाणे, खलाशी, सगळे गेले. गेला नाही तो एकच दस्तऐवज : कोणत्या कैद्याची शिक्षा केव्हा संपते याची नोंद.

परिणाम साधा नव्हता. मुदत भरल्याचे कैदी सांगत, आणि गव्हर्नर फिलिपपाशी ते पडताळायला कागद नसे. १७८९ साली जॉन कलीहॉर्न नावाच्या कैद्याने सुटकेचा दावा केला. त्या वादात लेफ्टनंट गव्हर्नरवर खोटा आळ घेतल्याचे ठरवून त्याला ६०० फटक्यांची शिक्षा झाली. नेपियनच्या कार्यक्षमतेची स्तुती वाचताना मला हा कलीहॉर्न आठवतो. पिंपांचा हिशेब ठेवणाऱ्या दप्तराने माणसांचा ठेवला नाही. दोष एकट्या नेपियनचा नसेल, पण दप्तर त्याचे होते.

मुंबईत मात्र उलटे घडले. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी येथे उतरले. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते आणि त्यांना विलायतेस धाडण्याचा कलकत्त्याचा हुकूम होता. ते निसटून कोचीनला गेले, तेथून परत आणले गेले, आणि त्यांनी नेपियनलाच कळवळून अर्ज लिहिला. नेपियन बायबल सोसायटीचा पाठीराखा, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याची दया निरपेक्ष नव्हती. तरी हुकूम हाती असताना त्याने अंमलबजावणी लांबवली आणि अखेर दोघे राहिले. नॉट १८१५ मध्ये परतला. हॉल मराठी शिकला, मिशनने छापखाना काढला आणि १८१७ पासून त्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या.