ज्युरीची श्रद्धा आणि निकाल : नाशिक ते मालेगाव

मालेगावचा निकाल लागला, दाभोलकर खटल्याचा निकाल लागला, की कट्ट्यावर पहिला प्रश्न कोणता येतो? पुरावा काय होता, हा नाही. आरोपी कोणत्या धर्माचे, हा येतो. त्याच्या मागोमाग, जरा दबक्या आवाजात, दुसरा : निकाल देणारा कोणत्या धर्माचा?

आपल्याकडे आता ज्युरी नाही. पण या प्रश्नाचं मूळ ज्युरीतच आहे, म्हणून आज आम्ही तिथून सुरुवात करतो. ज्युरी म्हणजे कायदा न शिकलेले, समाजातून निवडलेले लोक. मुंबई उच्च न्यायालयात ते नऊ असत. विचारसरणीपायी हिंसा झाली, तर अशा माणसांच्या धार्मिक श्रद्धेचा निकालावर परिणाम होतो का? आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. होतो, पण लोक समजतात त्या वाटेने होत नाही. श्रद्धा पुराव्याच्या फटीतून आत शिरते. म्हणून माणसांचे धर्म मोजत बसण्यापेक्षा ती फट बुजवणं महत्त्वाचं.

आता टिळकांचे दोन खटले बघा. दोन्ही राजद्रोहाचे, पण दोन्हींच्या मागे रक्त सांडलेलं होतं. १८९७ च्या खटल्याआधी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. १९०८ चे लेख मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतरचे. १८९७ ला ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते, आणि निकाल लागला सहा विरुद्ध तीन. १९०८ ला सात युरोपियन आणि दोन पारशी होते. तेव्हा निकाल सात विरुद्ध दोन. इतकी सरळ रेघ पाहिली की कुणीही म्हणेल, 'बघा, माणूस आपल्या गोटाबाहेर मत देतच नाही.'

पण ही रेघ धर्माची आहे का? जरा थांबून बघू. १९०८ ला टिळक निर्दोष आहेत असं म्हणणारे दोघे पारशी होते. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर, तेही पारशीच! खटला एक, पुरावा एक, धर्म एक, आणि टोकं दोन. बरं, हेच दावर १८९७ ला टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. तो जामीन दिला कुणी? न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या टिळकांना एका मुस्लिम न्यायमूर्तीने जामीन दिला. नावावरून निकाल ओळखण्याचा खेळ इथेच मोडतो. ज्युरी दुभंगली ती राज्यकर्ते आणि प्रजा या रेघेवर. धर्म त्या रेघेला कधी चिकटला, कधी सुटला.

आता आपल्या नाशकात येऊ. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सन बदलीवर निघालेले, त्यांच्या निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवलेला. अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते जागीच पकडले गेले. खटला मुंबईत चालला, पण ज्युरीपुढे नाही. १९०८ च्या खास कायद्याने अशा खटल्यांसाठी तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ आणलं आणि ज्युरी काढून टाकली. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोळी कुणी झाडली, यात शंकेला जागाच नव्हती. तिथे नऊ युरोपियन बसवा नाहीतर नऊ नाशिककर बसवा, 'कुणी मारलं' याचं उत्तर बदललं नसतं. बदलू शकलं असतं ते पुढचं : कट कुणाचा, कोण किती सामील, साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही. श्रद्धेला वाव मिळतो तो इथे.

हे परदेशातही दिसतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. तिथे २००९ च्या मे महिन्यात गर्भपात करणारे डॉक्टर जॉर्ज टिलर यांची चर्चमध्येच हत्या झाली. मारणाऱ्या स्कॉट रोडरने कोर्टात कृत्य कबूल केलं. न जन्मलेली बालकं वाचवण्यासाठी मारलं, असं त्याचं म्हणणं. गर्भपात पाप आहे असं मानणारी माणसं तिथे थोडीथोडकी नाहीत. तरी ज्युरीने अवघ्या ३७ मिनिटांत त्याला खुनाचा दोषी ठरवलं. का? कारण त्याच्या हेतूमुळे गुन्हा सौम्य धरायचा का, हा प्रश्न न्यायाधीशांनी ज्युरीपुढे जाऊच दिला नाही. प्रश्न अरुंद ठेवला, श्रद्धेला शिरायला दार उरलं नाही.

उलट उदाहरणही अमेरिकेतलंच. कोलोरॅडोच्या हार्लन खटल्यात गुन्हा आधीच सिद्ध झाला होता. उरला होता प्रश्न फक्त एक, फाशी की जन्मठेप. त्या चर्चेत ज्युरीतल्या काहींनी बायबलमधली वचनं आणली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती फाशी रद्द ठरवली. प्रश्न जितका मोकळा, तितका धर्मग्रंथ आत येण्याचा संभव जास्त.

आता कुणी म्हणेल, 'आपण ज्युरीच काढून टाकली, मग प्रश्न मिटला की!' हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. नानावटी खटल्याचा दाखलाही देतात. १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही.

आम्हाला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. ज्युरी गेली म्हणून श्रद्धा कोर्टाबाहेर गेली नाही. नाशिक कटाच्या खटल्यात न्यायमूर्ती नारायण चंदावरकर होते, ते प्रार्थना समाजाचे पुढारी. न्यायाधीशही माणूसच, त्यालाही देवघर असतं. ज्युरी जाऊन खरा फरक पडला तो वेगळाच. ज्युरी दोनच शब्दांत बोलायची, 'दोषी' किंवा 'निर्दोष'. का, ते सांगायला ती बांधील नव्हती. न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात, आणि लिहिलेली कारणं वरचं न्यायालय तपासू शकतं. श्रद्धा तिथेही असेल, पण तिला पुराव्याच्या भाषेत बोलावं लागतं, आणि खोटं बोलली तर पकडता येतं.

या नजरेने आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. २००८ च्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला. त्या खटल्यात ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. स्फोट झाला हे सिद्ध झालं, पण तो त्या मोटारसायकलीतच झाला, हे न्यायालयाच्या मते सिद्ध झालं नाही. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, बाकी तिघे सुटले. पुन्हा तेच : 'कुणी मारलं' याला पुरावा पुरला, 'कुणी मारवलं' याला पुरला नाही.

मालेगावच्या दोन्ही निकालांवर कुणी पेढे वाटले, कुणी कपाळावर हात मारला. धर्म बदलला की पेढे आणि कपाळ यांची अदलाबदल झाली, एवढंच. पण २००६ चे ते तरुण कित्येक वर्षं आरोपाचं ओझं वाहत राहिले. २००८ च्या सहा मृतांच्या घरच्यांना सतरा वर्षांनीही कळलेलं नाही की आपलं माणूस कुणी मारलं. दोन्हीकडे चुकला तो तपास. पुराव्यात भगदाड पडलं की निकाल कोणताही लागो, लोक त्यात आपापली श्रद्धा भरतात. आपण ज्युरी घालवली, आणि सगळ्या गावाचीच ज्युरी झाली. फरक एवढाच की या ज्युरीने पुरावा ऐकलेला नसतो.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. न्याय करणाऱ्याची जात-धर्म विचारणं हा आळशी संशय आहे. आपल्या संविधानानं न्यायमूर्तींना देवाच्या साक्षीने शपथ घ्यायची मुभा दिली आहे आणि नुसती प्रतिज्ञा करायचीही. श्रद्धा सोडा असं ते म्हणत नाही, ममत्व आणि आकस सोडा असं म्हणतं. निकाल हाती आला की आपण तीन गोष्टी विचारायला हव्यात. न्यायालयापुढचा प्रश्न नेमका होता का? कारणं लिहिली आहेत का, आणि आपण ती वाचली का? आणि तपासाने फट कुठे ठेवली? हे तीन प्रश्न नाशकातल्या कट्ट्यावर विचारले जाऊ लागले, तर न्यायाधीशाचं आडनाव विचारायची वेळ फारशी येणार नाही.